काट्यावरची हिरवी टेकडी

आमच्या वजनकाट्याची खोली एवढीशी. एक टेबल, एक खुर्ची, एक खिडकी, आणि खिडकीबाहेर जमिनीत बसवलेली लोखंडी प्लेट. ट्रक त्या प्लेटवर येऊन उभा राहिला की आत कॉम्प्युटरवर वजन दिसतं, बटण दाबलं की पावती निघते. रिकाम्या ट्रकची एक, भरलेल्याची एक. खडी असो, भंगार असो, काट्याला सगळं सारखं. त्या खुर्चीत पहिल्यापासून आमचे हे बसत आले. ड्रायव्हर लोक त्यांना काटेकाका म्हणतात. मी चहा घेऊन गेले की मला मावशी म्हणतात, आणि चहा माझ्या हातचा असून कौतुक काकांचं करतात. असो.

गेल्या हिवाळ्यात ह्यांच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा हात चालत होता, पाय चालत होता. पण मधूनच एखादा शब्द हरवायचा, आणि समोर नवी वस्तू आली की माणूस थिजायचा. थोरल्याने दाराला नवं कुलूप बसवलं, ह्यांना सांगायचं राहिलं. हे बाहेर फिरून आले, किल्ली लागेना. हाक मारायची, दार वाजवायचं, तर तेही नाही. पायरीवर बसून राहिले. मी सहज दार उघडलं तर उठून उभे राहिले आणि म्हणतात, "माफ करा, घर चुकलं वाटतं."

मला! लग्नाच्या बायकोला! मी हसण्यावारी नेलं आणि आत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

त्या दिवशी जेवताना ह्यांनी हातातला घास खाली ठेवला. म्हणाले, "सगळे मला हो हो करतात. डॉक्टर, पोरगा, सूनबाई. तान्ह्या पोराला करावं तसं. तू तेवढी खोटं बोलू नकोस. चुकलो तर चुकलात म्हण. मला धरायला एक तरी खुंटी पाहिजे."

"मी कधी गोड बोलले तुमच्याशी?"

"म्हणून तर तुला सांगतोय."

मी शब्द दिला. आमच्यात असल्या गोष्टी पुन्हा पुन्हा बोलत नाहीत. एकदा दिला म्हणजे दिला.

डॉक्टर म्हणाले, रोजच्या कामावर बसू द्या, ओळखीच्या वस्तूंत बसले की माणूस सावरतो. थोरला म्हणाला, "बसू दे सोमवारपासून. पण आई, एक पावती चुकली तर काटा बदनाम होतो. बाबा एकदा जरी अडकले तर मी दुसरा माणूस ठेवणार. मग रडायचं नाही."

"रडेल तुझी सासू," मी म्हटलं. सूनबाई शेजारीच उभी होती. तिलाच आधी हसू आलं. तेवढं तिचं चांगलं आहे.

आणि सोमवार चार दिवसांवर आलेला, तर कॉम्प्युटरने धूर सोडला. सोडेल नाही तर काय करेल. हे आजारी पडल्यापासून काटा थोरला बघत होता, आणि थोरल्याने जन्मात कधी कुठलं बटण बंद केलेलं नाही. हे रोज संध्याकाळी सगळं बंद करून, भिंतीतला प्लगसुद्धा काढून यायचे. ह्याने आल्या दिवसापासून रात्रंदिवस चालू ठेवला. बैल असता तर कधीच मेला असता.

थोरल्याने नवा आणला. मी बघायला गेले. जुन्यावर कशी हिरवी टेकडी होती, वर निळं आभाळ, खाली डाव्या कोपऱ्यात हिरवं बटण. ह्याच्यात सगळा काळोख. काळोखात रंगीत चौकोन, ते आपले आपण हलतायत. खालची चित्रं सरकून मधोमध आलेली, नाटक संपल्यावर नट उभे राहतात तशी. हिरवं बटण नाहीच.

"हे बघून ते काय म्हणतील ठाऊक आहे?" मी म्हटलं. "माफ करा, खोली चुकली."

सूनबाई ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवरच असते. ती म्हणाली, "आई, नव्याला जुन्याचं सोंग देता येतं. फक्त जुनं नेमकं कसं होतं ते कुणीतरी सांगायला हवं. माझ्याकडे फोटो नाही."

"फोटो कशाला पाहिजे? मी आहे ना."

रविवारी काटा बंद असतो. ह्यांना शेजारच्यांकडे पत्ते खेळायला बसवलं आणि आम्ही दोघी खोलीत गेलो. मला कुणी कॉम्प्युटर शिकवला नाही, आणि वाचायचं म्हटलं तर मी अक्षराला अक्षर जोडत जाते. पण इतकी वर्षं रोज चहा घेऊन त्या टेबलापाशी उभी राहिलेय. ह्यांचा पेला रिकामा होईपर्यंत बघायला दुसरं होतं काय? तो पडदा मला डोळे मिटून दिसतो.

आधी सूनबाईने जुना डबा उघडला, आतली आतडी काढली आणि नवी बसवली. डबा तोच, पिवळा पडलेला, कोपऱ्यात ह्यांच्या चपलेने पोचा आलेला. पडदा तोच. की-बोर्ड तोच, ज्याच्या एका बटणावरचं अक्षर ह्यांच्या बोटाने पुसून गेलंय. मग तिने कुठूनसं टेकडीचं चित्र शोधलं. पहिलं आणलं ते मी नापास केलं, त्याच्यात ढग जास्त होते.

"खालची पट्टी?"

"निळी. आणि जाड. ही काय कर्जबाजाऱ्याच्या मिशीसारखी बारीक केलीस?"

"कचऱ्याची बादली?"

"उजवीकडे, अगदी खाली. आणि तिच्यात कागद भरलेले दिसायचे कायम. रिकामी ठेवलीस तर लगेच संशय येईल."

वजनाचा जुना प्रोग्रॅम नव्यात चालायला तयारच होईना. सूनबाई म्हणाली, "त्याला आता असं भासवते की तो अजून जुन्यातच बसलाय." भासवल्यावर चालू लागला बिचारा. चालू होतानाची ती जुनी धूनसुद्धा तिने घातली. शेवटी ती मागे सरकून म्हणाली, "आई, नीट बघा. काही राहिलं?"

मी बघितलं. कोपऱ्यातल्या घड्याळापर्यंत सगळं बघितलं. म्हटलं, "काही नाही. ह्यांना आयुष्यभर कळायचं नाही."

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी आई म्हणायची.

सोमवारी मी मुद्दाम ह्यांच्याबरोबरच निघाले. एरवी मी चहा घेऊन मागाहून जाते. सूनबाईने रजा टाकली. थोरला येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभा, हाताची घडी घालून, परीक्षा घ्यायला आल्यासारखा. बाहेर प्लेटवर पहिला ट्रक येऊन थांबलेलाच होता. त्याच्या ड्रायव्हरला सगळे भोंगा म्हणतात, कारण त्याचा हात स्टेअरिंगवर कमी आणि भोंग्यावर जास्त.

"काटेकाका आले!" तो खिडकीतून ओरडला. "या काका! तुमच्या पोराने आम्हाला रडवलं हो!"

हे हसले. खुर्चीत बसले. रुमालाने पडदा पुसला, वरून खाली, नेहमीसारखा. वाकून भिंतीतला प्लग लावला, डब्याचं बटण दाबलं. धून वाजली. टेकडी आली. हे टेकडीकडे बघून नुसते "हं" म्हणाले, गावी परत आलेला माणूस म्हणतो तसं. सूनबाईने मागून माझा हात दाबला.

ह्यांनी माउस धरला. बाण सरळ खाली उजव्या कोपऱ्यात गेला. घड्याळापाशी. ह्यांनी डावं मनगट वर केलं, हातातलं तारीखवालं घड्याळ पाहिलं. मग पडदा पाहिला. पुन्हा मनगट. पुन्हा पडदा.

आणि थांबले.

हात माउसवर तसाच. बाण तसाच. बाहेर भोंग्याने एक लांबलचक भोंगा दिला. त्याच्या मागे दोन ट्रक येऊन लागले. थोरल्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"बाबा?" थोरला म्हणाला. "काय झालं? अडलंय का काही?"

ह्यांनी मान वळवून मला विचारलं, हळू, आमच्या दोघांतच राहावं असं, "अगं, मी तारीख लावली का?"

कसली तारीख, मला काय ठाऊक! माझं सगळं लक्ष थोरल्याकडे. ह्यांनी आता अडकू नये, भोंग्याची पावती निघावी, थोरल्याचं तोंड बंद व्हावं, एवढंच माझ्या डोक्यात. म्हटलं, "हो हो, लावलीत की."

"कधी?"

"आत्ताच. बसल्या बसल्या. चला, ट्रक खोळंबलेत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर संशय नव्हता त्या नजरेत, तेच वाईट. माझा शब्द त्यांनी धरला, ठरल्याप्रमाणे, खुंटी धरावी तसा. आणि माउसवरचा हात काढून घेतला. चष्मा काढला, घडी घातली, डबीत ठेवला, डबी खिशात. खिशातून खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ये," ते थोरल्याला म्हणाले. "बस तू. माझं काही खरं नाही."

भोंगा पुन्हा वाजला. थोरला जागचा हलेना.

सूनबाई माझ्या कानाशी आली. "आई, घड्याळ! जुन्या डब्यात एक छोटा सेल होता, काल काढला तेव्हा गंजून गेलेला. त्याने जुन्याला वेळ लक्षात राहायची नाही. प्लग काढून ठेवला की सकाळी कुठल्या तरी जुन्या वर्षात जायचा. बाबा रोज आल्याआल्या हाताने लावत असणार. नव्याची आपोआप बरोबर असते. त्यांना वाटतंय, आपणच लावली आणि आपल्यालाच आठवत नाही."

तारीख चुकली तर पावती खोटी, पावती खोटी तर काटा खोटा. हे रोज सकाळी दुसरं काही करायच्या आधी ते एक काम करायचे. आणि मी पोचायचे चहाच्या वेळी, तोपर्यंत घड्याळ बरोबर झालेलं असायचं. इतकी वर्षं मी तो पडदा पाहिला, पण सकाळचा कधी पाहिलाच नव्हता. आणि काल सुनेसमोर छाती काढून बसले होते!

हे खुर्चीतून उठायला लागले. टेबलाला धरून, म्हाताऱ्यासारखे. घरून निघताना म्हातारे नव्हते ते.

खरं सांगितलं तर नवं यंत्र बघून पुन्हा थिजतील, थोरल्याला हवंच आहे. नाही सांगितलं तर पायरीवर बसतील, आता कायमचे. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं. जोरातच दाबलं.

"बसा. तुम्ही तारीख लावली नाही."

"आत्ता तर म्हणालीस..."

"खोटं बोलले. हे यंत्र नवं आहे. जुनं जळालं. ह्याची तारीख ह्याला कळते. तुम्ही काहीएक विसरलेला नाही."

ह्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"टेकडी?"

"चिकटवली."

"धून?"

"तीही."

हे टेबलाखाली वाकले, डब्यावरचा पोचा हाताने चाचपला. "हा तर माझाच आहे."

"डबा जुना, बाबा," सूनबाई म्हणाली. "आतलं नवं. रागावू नका, मीच केलं."

"तू हात चालवलेस. डोकं हिचं." मग ते थोरल्याकडे वळले. "ऐकलंस? मी विसरलो नव्हतो."

"हो बाबा."

"हो काय? मोठ्याने बोल."

"तुम्ही विसरला नव्हता."

ह्यांनी खिशातून डबी काढली, चष्मा चढवला. मग माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यातून आल्यापासून इतक्या रागाने कुणाकडे पाहिलं नव्हतं. माणूस पुरा आला होता परत, आणि पहिला मलाच भेटला.

"आणि तू म्हणालीस, लावली."

मी टेबलावरची किल्ली उचलून त्यांच्यापुढे सरकवली.

बाहेर भोंगा, तिसरा. ह्यांनी खिडकी सरकवली. "अरे, बहिरा नाही मी! त्या भोंग्याचं वजन वेगळं लावीन हां!" बटण दाबलं. पावती निघाली. हे ती डोळ्यांजवळ धरून तारखेवरून बोट फिरवत राहिले, मनगटाशी पडताळली, आणि खिडकीतून दिली.

दुपारी सूनबाईने विचारलं, "बाबा, सोंग उतरवू का?"

"राहू दे. टेकडी बरी आहे. पण अजून काय काय नवं आहे ते एकेक करून दाखव. मला विचारून."

मी चहा ठेवला तो गार झाला. दुसरा ठेवला, तोही. संध्याकाळी प्लग काढताना, पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाले, "उद्यापासून तू माझ्याबरोबर येत जा. उघडायच्या वेळी. चहाच्या वेळी येऊन काट्याचं काही कळत नाही."

दुसऱ्या दिवशी मी गेले, चहा बरोबर घेऊनच. थोरला आला नाही, त्याला दुसरी कामं होती म्हणे. ह्यांनी पडदा पुसला, बटण दाबलं. धून, टेकडी. बाण कोपऱ्यात गेला. मनगट वर झालं. बाहेर ट्रक घुरघुरत होता.

पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "मी तारीख लावली का?"

"नाही," मी म्हटलं. "तिची तीच लागते."

"हं," हे म्हणाले, आणि चहासाठी हात पुढे केला.