काकांना पाठव

मृणाली चोविसाव्या वर्षी कंपनीची प्रमुख झाली, कारण कंपनी तिनेच काढली होती. गोदामात कुठला माल कुठे ठेवलाय हे मोबाइलवर दाखवणारं सॉफ्टवेअर ती आणि तिची माणसं कामतघरच्या एका गाळ्यात बसून बनवत.

वडप्याला गोदामं असलेल्या काळूरामशेठकडे काम मागायला जाताना तिने पंढरींना सोबत घेतलं. पंढरी पन्नाशी उलटलेले, सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर नुकतेच लागलेले. शेठने चांगली खुर्ची त्यांना दिली, चहा आधी त्यांच्यापुढे ठेवला आणि प्रत्येक प्रश्न त्यांनाच विचारला. उत्तरं मृणाली देत होती. शेठ मान मात्र पंढरींकडे बघून हलवत होते. शेवटी काम देतो म्हणाले, तेही त्यांनाच.

परतताना रिक्षात मृणाली खूश होती. यापुढे प्रत्येक भेटीला तुम्ही यायचं, असं तिने सांगून टाकलं. पंढरी रस्त्यावरचे मालाचे ट्रेलर बघत होते.

"मॅडम, आधीच्या कंपनीने मला वय झालं म्हणून काढलं," ते म्हणाले. "तुम्ही कामासाठी घेतलंत की पांढऱ्या केसांसाठी?"

'कामासाठीच' हे तिच्या ओठांवर आलं, पण बाहेर पडेना. मुलाखतीत त्यांनी दिलेलं एकही उत्तर तिला आठवेना. ते दारातून आत आले तेव्हा 'हे शेठलोकांपुढे शोभतील' असं मनात आलं होतं, ते मात्र लख्ख आठवलं.

"मला नीट सांगता येत नाही," ती म्हणाली. ते रागावले की नाही, हेही तिला कळेना.

आठवड्याने शेठचा फोन आला.

"पोरी, करारावर सही करायची हाय. काकांना पाठव."

त्यांना पाठवावं तर कंपनी नक्की कुणाची? न पाठवावं तर त्यांचा मान राखला, की त्यांना जागा दाखवली? तिने पंढरींनाच विचारलं. हे तुम्ही ठरवायचं, ते म्हणाले.

ती एकटीच गेली. शेठने बराच वेळ बसवून ठेवलं, काकांची तब्येत दोनदा विचारली, आणि सही केली.

गाळ्यात परतून तिने ते सांगितलं.

"म्हणजे आता माझी गरज नाही," पंढरी म्हणाले.

ही थट्टा होती की खरंच म्हणाले, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. तिने त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि सॉफ्टवेअरमध्ये आज सापडलेल्या चुका दाखवायला सांगितल्या.