भांडण ऐकणारा पांडा

भूतानच्या त्या खोऱ्यात ग्येंबोइतका बांबू कुणी तोडला नसेल. टोपल्या, चटया, घराचं छप्पर, सगळं त्याच्याच कोयत्याचं. म्हणून लाल पांड्यांसाठी वरचं बांबूचं बन राखायचं ठरलं, तेव्हा मुखियाने राखणीला नेमकं त्यालाच नेमलं.

"चोराच्याच हाती किल्ल्या द्या," मुखिया म्हणाला, "म्हणजे दुसरा चोर उरत नाही."

नियम साधा होता. बनाचा एकेक भाग आळीपाळीने तोडायचा. बंदीच्या भागात कोयता चालवला, तर तिथेच नवा बांबू लावून द्यायचा. ग्येंबोला असा चेव चढला की अंगातला घोळदार झगा, घो, कमरेला आवळून तो झाडाआड दबा धरून बसला. पहिल्याच सकाळी चोर सापडला. पाठीवर मोळी घेतलेली त्याचीच बायको, ल्हादेन.

"खाली ठेव ती!"

"ठेवते हो साहेब. पण पांडा बघायला आलेले पाहुणे आपल्या घरी उतरलेत. त्यांना चटई म्हणून तुमचा घो अंथरू?"

"दंड म्हणजे दंड. बांबू लाव."

"अन् आपल्या छपराचा बांबू काय आभाळातून पडला? आधी स्वतःला दंड करा, राखणदार!"

ग्येंबोने स्वतःसाठीही कुदळ उचलली. शेवटी दोघंही चिखलात गुडघे टेकून बांबूचे कंद लावू लागली. हातांपेक्षा तोंडं जोरात चालली होती. तिच्या माहेरचा उद्धार झाला, त्याच्या घोरण्याचा झाला, मिरची-चीजच्या भाजीत मिरचीच नसते हा जुना खटलाही उघडला.

तेवढ्यात मागून "शू!" असं आलं. पाहुणे आणि त्यांचा वाटाड्या. आठवडाभर बन पालथं घालूनही त्यांना पांड्याची शेपटीसुद्धा दिसली नव्हती. आता ते वर बोट दाखवत होते. फांदीवर एक लाल पांडा मान कलती करून भांडण ऐकत बसला होता.

ग्येंबो गप्प झाला. तसा पांडा उठून निघाला.

"अहो, थांबू नका! भांडा!" वाटाड्या कळवळून कुजबुजला.

"घोरता ते घोरता, वर माझीच झोप मोडली म्हणता!" ल्हादेनने धागा पकडला. पांडा परत बसला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी चहा घेता घेताच विचारलं, "आज भांडण कधी?" नवरा-बायको बनात जाऊन समोरासमोर उभी राहिली, पण हुकमी भांडण काही तोंडातून फुटेना.

ग्येंबो खाकरला. "तुझी भाजी... तशी बरी असते."

ल्हादेनला जे हसू फुटलं ते आवरेचना. मग तोही हसला. पांडा काही आला नाही. वाट बघून कंटाळलेल्या पाहुण्यांनी अखेर कुदळी उचलल्या आणि संध्याकाळपर्यंत बनाच्या सगळ्या उतारावर बांबू लावून टाकला.