शेवटच्या पानावरचं उत्तर

कोडी लिहिणाऱ्या माणसाचं डोकं थंड असतं, असा लोकांचा समज आहे. त्यांनी एकदा दुपारी आमच्या घरी यावं.

मुलांसाठी कोड्यांचं पुस्तक करायचं काम मी घेतलंय. संपादकबाईंना त्यात तीन भाग हवेत: पाच-सहा वर्षांच्यांसाठी, सात ते नऊच्या मुलांसाठी आणि दहाच्या पुढच्यांसाठी. उत्तरं शेवटच्या पानावर, उलटी छापलेली. शिवाय प्रत्येक कोडं खऱ्या मुलांना घालून बघायचं. मुलांना काय तोटा! माझ्या भावाची तीन आहेतच, शाळा सुटली की भाऊ-वहिनी कामावरून येईपर्यंत माझ्याच गळ्यात. थोरली बारा वर्षांची, मधला आठचा आणि धाकटी पाचची. धाकटीला आम्ही टिकली म्हणतो.

मुलं येईपर्यंत घरात मी आणि नाना, म्हणजे माझे वडील. नानांनी जन्मभर शिवणकाम केलं. गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता सदरा बेतायचे, ना गप्पा चुकायच्या ना सदरा. मध्यंतरी त्यांना झटका आला. हातपाय सावरले, पण वस्तूंची नावं गेली. कळतं सगळं, नाव तेवढं ओठावर येत नाही. मग वर्णन करत बसतात. "ते… दोन पायांचं… कापडावर चालतं." म्हणजे कात्री.

बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "शब्द लगेच आयता देऊ नका. थोडं थांबा, मग मदत करा." यातलं पहिलं वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. का नाही धरणार? माझा धंदाच तो. उत्तर आधी सांगितलं की कोडं मेलं.

मुलांना मात्र हा खेळ वाटायचा. आजोबांनी वर्णन करायचं आणि यांनी ओरडायचं, "कात्री! बटण! पंखा!" मी दम भरला, कुणी सांगायचं नाही. मग नाना बोटाने दाखवायला लागले, तर मी बोटालाही दाद देईना. आता दिवसचे दिवस तोंडातून ब्र काढत नाहीत. बाई म्हणाल्या, असे गप्प राहिले तर आहेत ते शब्दही जातील. ते ऐकून मी आणखीच हट्टाला पेटले. मला भीती वाटली की आधी रागच येतो.

आज दुपारी हातात पेपर घेऊन ते माझ्या टेबलाशी आले.

"ते… काचेचं," म्हणाले. "नाकावर बसतं."

चष्मा माझ्या कागदांखाली होता. एक काडी बाहेर डोकावत होती. मला दिसत होती.

"हं. नाव सांगा."

"कान… धरतं."

"वर्णन नको नाना, नाव! रोज घालता ना?"

त्यांचे ओठ हलले, थांबले. त्यांनी पेपराची नीट घडी केली, कापडाची करायचे तशी, आणि खुर्चीत जाऊन बसले.

"तुम्ही प्रयत्नच करत नाही!" मी ओरडले. ओरडले नसते तर रडले असते.

तेवढ्यात मुलं आली. दप्तरं तिन्ही दिशांना फेकली गेली. मी त्यांना समोर बसवलं आणि पहिलं कोडं घातलं.

"पाठीवर बसून रोज शाळेत जातं, पण एक अक्षर शिकत नाही."

"हत्ती," टिकली म्हणाली. ती दर कोड्याला आधी हत्तीच म्हणते.

"दप्तर," थोरलीने नखं बघत सांगितलं. "आत्या, हे मला पहिलीतसुद्धा आलं असतं."

"तुझ्यासाठी नव्हतंच ते! बरं, पुढचं. घरभर फिरतं, सगळ्यांना स्वच्छ करतं, स्वतः मात्र मळतं."

"आई!" मधला म्हणाला.

"अरे, फडकं! कोड्याचं उत्तर माणूस नसतं, वस्तू असते!"

"असं कुठं लिहिलंय?"

लिहिलं कुठेच नव्हतं. मी पेन आपटलं. या घरात कुणाला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!

"माझं… एक," कोपऱ्यातून नाना म्हणाले.

आम्ही चौघंही वळलो. मुलं उठून त्यांच्या खुर्चीभोवती जमली.

"घरात आहे," नाना एकेक शब्द टाचून जोडावा तसे बोलू लागले. "सगळं… ठाऊक. जवळच… ठेवलंय. मागितलं… तरी… देत नाही."

"कपाट!" मधला म्हणाला. "किल्ली हरवलेलं!"

नानांनी मान हलवली.

"मोबाइल! चार्जिंग संपलेला!"

पुन्हा नाही. मी थोरलीकडे बघितलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. "मला नाही येत," ती हळूच म्हणाली. दप्तराचं कोडं ऐकायच्या आत सोडवणारी पोर!

टिकली आजोबांच्या गुडघ्याला टेकून उभी होती. या वेळी ती हत्ती म्हणाली नाही.

"आत्या," ती म्हणाली.

"बरोब्बर!" नाना म्हणाले.

न अडखळता, खणखणीत. टिकली टाळ्या पिटत नाचायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथे गेल्यावर ती कुणावर काढायची तेच कळेना. नाना माझ्याकडे बघत होते. हसत नव्हते, रागावलेलेही नव्हते. अजून वाट बघत होते.

मी कागद बाजूला सारले, उठले आणि दोन्ही काड्या त्यांच्या कानांवर नीट बसवल्या.

"चष्मा," मीच म्हणाले.

"चष्मा," नाना म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला.