बसून तर बघा

आमची ताई चौदाव्या वर्षी दोन वेण्या उडवत ‘टुणूक टुणूक’ गायली आणि तिथेच अडकली. आता तिने चाळिशी ओलांडलीये, गुडघे कुरकुरतात, पण कुठेही गेली तरी कुणीतरी विचारतंच, "अय्या, त्या तुम्हीच ना? एक उडी मारून दाखवा ना!" परवा दातांच्या डॉक्टरने तिच्या तोंडात हात घालून तेच गाणं गुणगुणलं. बिचारीला नको म्हणायचीही सोय नव्हती.

सगळ्यात मोठे भक्त आमचे बाबा. आमचं गाद्यांचं दुकान आहे. शटर वर गेलं की ‘टुणूक’ सुरू होतं, ते शटर खाली येईपर्यंत. इतकी वर्षं ते ऐकत मी गाद्या विकतोय आणि तरी माझं डोकं ठिकाणावर आहे, याची कुणाला कदर नाही.

ताईने जिवापाड मेहनत करून नवी गाणी केली. संथ, खालच्या पट्टीतली, मोठ्या बाईची गाणी. कंपनीचा साहेब ऐकून म्हणाला, "मॅडम, सुंदर! पण इथल्या लोकांना वेण्याच हव्यात. आपण अल्बम फक्त परदेशात काढू. तिकडे तुम्हाला कुणी ओळखत नाही, हा केवढा फायदा!" हे कौतुक ऐकून ताई घरी येऊन ढसाढसा रडली.

मग तिने बाबांना पहिलं गाणं ऐकवलं. दुसऱ्या कडव्याआधीच बाबा म्हणाले, "छान आहे गं. पण उडी कधी येते?" ताईने गाणं बंद केलं. बाबांनी तिचं एक गाणं, एकदाच, शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. हे बाबा सोडून घरात सगळ्यांना कळत होतं.

स्टुडिओसाठी कंपनी हात सैल सोडेना. म्हणून दुकानामागच्या गोदामात मी चारी बाजूंनी गाद्या रचून दिल्या. सुट्टीच्या दिवशी ताई शेवटचं गाणं गायला उभी राहिली. असं गायली की मी शिंक दाबून धरली. गाण्याच्या मधोमध ती क्षणभर थांबते. नेमकी ती थांबली आणि बाहेरून आवाज आला, "बसून तर बघा! बसायला पैसे पडत नाहीत!"

बाबांना सुट्टी मानवत नाही. अर्धं शटर उचलून त्यांनी एक गिऱ्हाईक आत घेतलं होतं, आणि तो गृहस्थ विचारत होता, "उशी फुकट का?"

ताई डोकं धरून खाली बसली. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "ताई, असं गाणं पुन्हा जमायचं नाही. राहू दे तसंच." राहिलं.

महिन्याभराने परदेशातून व्हिडिओ आला. भलंमोठं सभागृह, ताईचं गाणं लागलेलं, सगळे चिडीचूप. मधली शांतता आली आणि ती गोरीगोमटी माणसं एका सुरात ओरडली, "बसून तर बघा!" आणि अर्थ कुणाला ठाऊक नसल्यामुळे सगळ्यांनी उड्या मारल्या.

"तिकडेही उड्याच!" ताई म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गिऱ्हाइकांना सांगायचे, "परदेशात माझा आवाज गाजतोय. मुलगीही आहे म्हणा त्यात." ताईने त्यांच्याशी बोलणं टाकलं. मला दोघांचाही राग आला होता, कारण निरोप्याचं काम माझ्याकडे होतं.

त्यात तिकडच्या दौऱ्यासाठी कंपनीला बाबांचं वाक्य स्वच्छ हवं होतं, उशीवाल्या गृहस्थाशिवाय. बाबा नवा शर्ट घालून गोदामात आले. कानांवर हेडफोन चढवून गादीवर बसले. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "काका, गाणं पहिल्यापासून लागेल. ताई थांबल्या की तुम्ही बोलायचं." ताई दारात हाताची घडी घालून उभी होती.

गाणं सुरू झालं. आधी बाबा घसा खाकरत होते, कॉलर नीट करत होते. मग कॉलरवरचा हात तिथेच राहिला. शांतता आली आणि गेली.

"काका, तुमचं वाक्य!"

बाबांनी मान हलवली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा शांतता आली. बाबा गादीची शिवण न्याहाळत होते, आणि त्यांचे डोळे भरले होते.

माझा पारा चढला. "अहो बाबा, जन्मभर हेच बोलत आलात आणि आता विसरलात?"

त्यांनी एका कानावरचा हेडफोन उचलला. "गप रे. ऐकू दे."

मग त्यांना दारातली ताई दिसली. ते जरा सरकले, शेजारी गादीवर हाताने थोपटलं. "ये ना. बस." ताई आली, बसली, आणि हुंदका आवरत म्हणाली, "पुढे अजून एक कडवं आहे, बाबा."

ते वाक्य शेवटी मीच बोललो. परदेशात कुणाला फरक कळला नाही. बाबांनाही नाही, कारण तोवर ते अल्बमच्या पहिल्या गाण्याकडे वळले होते.