बोलणी चालू असताना

दूधवाल्याच्या किटलीत मी आधी बोट बुडवते, मगच पातेलं पुढं करते. माझा नवरा गोकुळ म्हणतो, तू देवाच्या प्रसादाचाही वास घेशील. घेईन. वास घेतला म्हणून अजून कुणाचं पोट बिघडलेलं नाही.

तर गोष्ट आमच्या गाडीवाटेची. फुलंब्रीच्या अलीकडं आमचं शेत आहे. डांबरी रस्त्यावरून तिथं जायला एकच वाट, आणि ती सुदर्शनच्या रानातून जाते. या सुदर्शननं रानाची बिनशेती मंजुरी काढली, प्लॉट पाडले आणि नकाशात वाटेच्या जागी कंपाउंडची भिंत दाखवली. भिंत उभी राहिली की ट्रॅक्टर आत जाणार नाही आणि मका बाहेर येणार नाही. शेत आमचंच, फक्त जायला हेलिकॉप्टर घ्यावं लागेल. मंजुरीची बातमी आणली ती माझ्या सासऱ्यांच्या चुलतभावानं, तात्यासाहेबांनी. वर लगेच सासऱ्यांना म्हणाले, "काकासाहेब, कोर्टकचेरी नगं. आपण बैठक लावू."

बैठकीचा आमच्या गावात एक रिवाज आहे. मारुतीच्या पारावर बोलणी सुरू झाली की ती संपेपर्यंत कुणी वकिलाकडं जायचं नाही. गेला तर पाराचा अपमान, आणि पुढं त्याच्या घरच्या कार्याला पंगतीत वाढायला माणूस मिळत नाही. सासऱ्यांनी तात्यांना शब्द देऊन टाकला.

पहिल्या बैठकीला आम्ही बायका देवळाच्या भिंतीशी उभ्या होतो. सुदर्शन इतका गोड बोलला की माझ्या अंगावर काटाच आला. "वाट तुमचीच हाये काका. कुठून देऊ तेवढं बोला." मला तिथंच खटकलं. खरंच द्यायची असती तर तो फुटाफुटासाठी भांडला असता. द्यायचं नसलं की माणूस पटकन हो म्हणतो.

मग बैठका पुढं जायला लागल्या. एकदा सुदर्शनच्या मेहुणीचा साखरपुडा निघाला, एकदा त्याची पाठ धरली, मग पितृपंधरवडा लागला. "पित्रात कुठं वाटाघाटी करत्यात व्हय?" तात्या म्हणाले. करत नाहीत, खरं आहे. पण पित्रात मुरूम टाकतात वाटतं, कारण सुदर्शनच्या प्लॉटांवर हायवा डंपर येऊन ओततच होते. आणि तात्यांचं शेत तर आमच्याही पलीकडं. आमची वाट गेली की त्यांचीही गेलीच. तरी माणूस इतका निवांत कसा? पाणी कुठंतरी मुरत होतं. गोकुळला सांगितलं तर तो वाळूजच्या कारखान्यातली शिफ्ट करून आलेला, जेवता जेवता म्हणाला, "तात्या हायेत ना." तेच तर माझं दुखणं होतं.

शेवटी ब्लाउजपीस आणायच्या निमित्तानं मी संभाजीनगरला गेले आणि लाइबाला गाठलं. ती कॉलेजात माझ्या वर्गात होती, आता वकिली करते. तिनं एवढंच विचारलं, की मंजुरी तुम्हाला कधी कळली. मग म्हणाली, "अपिलाला कळल्यापासून साठ दिवस असतात, सायली. गावात बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. येत्या शुक्रवारी संपते." तात्यांनी पुढची बैठक सोमवारी ठेवली होती.

जमीन सासऱ्यांच्या नावावर, म्हणजे सही त्यांचीच लागणार. शुक्रवारी डोळे तपासायचे सांगून त्यांना बसमध्ये बसवलं. लाइबाची पाटी वाचून ते दारातच थांबले. "वकिलाकडं आणलंस मला? मी शब्द दिलाय पोरी."

लाइबानं मुदतीचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, आणि आमच्याच घरात घडू शकेल असं केलं. मोबाइल काढून थेट तात्यांनाच परवानगी मागितली. "तात्या, मी वकिलाकडं हाये. अपिलावर सही करू का?"

मी कपाळावर हात मारला. तिकडून आवाज आला, "थांब. मी येतोय. मी आल्याबिगर सही करू नगंस."

आम्ही बसून राहिलो. फुलंब्रीहून यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ गेला, दुपार कलली, तरी तात्यांचा पत्ता नाही. कचेरीची खिडकी आता बंद होईल, असं लाइबा म्हणाली.

"मामा, तात्या येतायत का नुसता वेळ काढतायत?" मी सासऱ्यांना विचारलं.

"तात्या तसा नाय."

"मग त्यांनी सोमवारच का धरला?"

त्यांनी मोबाइल खिशात टाकला. म्हणाले, "पेन दे." सही इतकी दाबून केली की कागद फाटायचाच राहिला. राग माझ्यावर होता, तात्यांवर की स्वतःवर, कोण जाणे. लाइबा कागद घेऊन जवळजवळ पळतच गेली आणि शिक्का मारलेली प्रत घेऊन परत आली.

त्यानंतर तात्या आले, घामानं निथळत. बैठक मोडली म्हणून आता उद्धार होणार, या तयारीनं मी पदर खोचला. पण त्यांनी आमच्याकडं बघितलंही नाही. लाइबापुढच्या खुर्चीत बसले.

"बाई, माझाबी अर्ज घ्या. सुदर्शन म्हणला व्हता, प्लॉटातून तुम्हाला येगळा रस्ता देतो, फकस्त बैठक जरा लांबवा. काकासाहेबाचा फोन आला तसा त्याच्याकडंच गेलो. म्हणलं, माझा रस्ता आत्ता लिहून दे. तर हसला. म्हणला, कसला रस्ता, तात्या?"

"मंजुरी तुम्हाला कधी कळली होती?" लाइबानं विचारलं.

"मीच तर समद्यांना सांगितली."

"मग तुमचीही मुदत फार तर आजपर्यंत होती. खिडकी बंद झाली. उशीर माफ करा असा अर्ज देता येईल, पण उशीर का झाला ते खरं लिहावं लागेल."

 तात्या सासऱ्यांकडं वळले. "काकासाहेब, तुझी वाट ऱ्हायली तर मला जाऊ देशील ना तिथून?"

माझा संशय खरा ठरला होता. मला बरं वाटायला हवं होतं. सासऱ्यांनी उभ्या जन्मात या भावाकडून कसलाच कागद घेतलेला नव्हता. बैल दिले, बियाणं दिलं, सगळं तोंडी.

"जा की," ते म्हणाले. "पर वाट जुनी हाये हे, अन् बैठक कुणी अन् कशापायी लांबवली, ते आधी बाईंपुढं लिहून दे."

त्यांचा तो कोरडा आवाज ऐकून मलाच रडू फुटलं. तात्यांनी पेनासाठी हात पुढं केला.