पिचरांची धून

"ब्रेक दाबा," इनागाकी म्हणाले आणि नेहमीप्रमाणे बोलता बोलता स्वतःच दाबला.

गाडी सरावाच्या मैदानाच्या कुंपणापासून हातभर अंतरावर थांबली. शिकायला आलेल्या आजींनी, जणू आपणच थांबवली अशा समाधानानं, हातमोजे काढले. गाडी शिकवणाऱ्या मास्तराचं सगळं कर्तृत्व त्याच्या पायाखालच्या त्या जादा ब्रेकमध्ये असतं, आणि ते जितकं कमी दिसेल तितकी शाळेची भरभराट होते. इनागाकींनी या न दिसण्यात उभं आयुष्य काढलं होतं. दिसायचे ते फक्त सामन्याच्या दिवशी. बेसबॉलच्या स्टेडियममध्ये, उजव्या बाजूच्या स्वस्त बाकांवर, चाहत्यांच्या वाद्यगटात लाल कोट घालून ट्रंपेट वाजवताना.

आजी उतरल्या आणि फोन वाजला. बेसबॉल क्लबच्या कचेरीतली मुलगी होती. शिगेमात्सु गेल्या महिन्यात वारला. सगळ्या बंदरगावाचा लाडका पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज. या रविवारी सामन्याआधी मैदानावर त्याची निरोपसभा ठरली होती. मुलगी अदबीनं म्हणाली की भाषणं महापौर करतील, तुमच्या गटानं फक्त शिगेमात्सुसानची धून वाजवावी.

इनागाकी "अवश्य" म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की अशी धून नाहीच.

प्रत्येक फलंदाजाला आपली धून असते. तो बॅट घेऊन आला की ट्रंपेट, ढोल आणि हजारो कंठ ती उचलतात. पिचरला धून नसते. तो चेंडू टाकतो तेव्हा फलंदाजी समोरच्या संघाची, म्हणजे गाणंबजावणंही समोरच्यांचं. आपण गप्प बसायचं, हा रिवाज. पिचरवर कधीतरी बॅट धरायची वेळ येतेच, तर त्यासाठी सगळ्या पिचरांत मिळून एकच धून. शाळेत विसराळू मुलांसाठी एक सामायिक छत्री ठेवतात, तशी.

आणि शिगेमात्सुची फलंदाजी हा गावाच्या जिव्हाळ्याचा विषय असला, तरी अभिमानाचा नव्हता.

त्या संध्याकाळी गटाची बैठक बसली. बैठक म्हणजे खानावळीत गरम तव्याभोवती तिघं आणि तव्यावर कोबीची जाड धिरडी. त्सुकादा गटाचे म्होरके. त्यांचं न्हाव्याचं दुकान होतं, त्यामुळे समोरचा हलू शकत नाही असं गृहीत धरूनच ते बोलत. ओगुराबाई ढोल वाजवायच्या आणि एरवी बालवाडीच्या स्वयंपाकघरात असायच्या.

त्सुकादांनी नवी धून बांधली होती. शब्दही त्यांचेच. उजव्या हाताला वादळाची उपमा होती. त्यांनी ती उलथन्यानं ताल धरून म्हणून दाखवली. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं वळून पाहिलं आणि आपली बिअर जराशी लांब सरकवली.

"मेल्यावर नवी धून?" ओगुराबाई म्हणाल्या. "त्याला कळायचं कसं की ही आपली?"

"मग काय, पिचरांचीच वाजवायची? अहो, ती वाजली की लोकांना काय आठवणार? हा माणूस बॅट घेऊन यायचा, हवेत तीनदा झाडू मारायचा आणि बाद होऊन, टोपी काढून परत जायचा. महापौरांच्या भाषणानंतर पब्लिक हसेल हो."

"हसू दे की. त्याच्या बॅटिंगला आपण सगळेच हसायचो. तो पण हसायचा."

मग शिगेमात्सुच्या त्या एका फटक्याची गोष्ट निघाली. ती निघाल्याशिवाय गावात कुठलंच टेबल उठत नसे. चेंडू बॅटला लागून असा काही लांब गेला की शिगेमात्सु स्वतःच बघत उभा राहिला. कुठे पडतोय ते बघण्याच्या नादात धावायचं राहिलं आणि तो बाद झाला. तिघंही पोट धरून हसली आणि धिरडं करपलं.

"एक सांगा," ओगुराबाई करपलेली कड खरवडत म्हणाल्या. "तो चेंडू टाकायचा, ज्याच्यासाठी सगळा गाव जीव टाकायचा, तेव्हा आपण काय करत होतो?"

त्सुकादांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "डबे खात होतो."

काही ठरलं नाही. शेवटी ज्याच्या तोंडी ट्रंपेट, निवड त्याची, असं म्हणून म्होरक्यांनी निर्णय इनागाकींवर टाकला आणि बिलही त्यांच्याकडे सरकवलं.

इनागाकींची पंचाईत वेगळीच होती. विशीतला शिगेमात्सु त्यांच्याकडेच गाडी शिकला होता. भरल्या स्टेडियममध्ये ज्याचा हात कापत नसे, तो चढावर गाडी थांबवायची म्हटली की घामाघूम व्हायचा. एकदा तसाच चढावर उभा असताना, समोरच बघत, तो म्हणाला होता, "तुम्ही ते ट्रंपेटवाले ना? मी टाकायला लागलो की तुम्ही सगळे अगदी गप्प बसता."

इनागाकी उत्तर देणार एवढ्यात गाडी मागे घरंगळली. त्यांनी ब्रेक दाबला, शिगेमात्सुनं माफी मागितली, आणि विषय तिथेच राहिला. ती तक्रार होती की आभार, हे विचारायचं राहून गेलं. पुढे अठरा वर्षं तो टाकत होता आणि इनागाकी मांडीवर ट्रंपेट ठेवून त्याच्या पाठीकडे बघत होते. पाठीवरून काही कळेना. आता तर पाठही राहिली नव्हती. या माणसासाठी आपण जन्मात एकदाही धड वाजवलं नाही, आणि रविवारी चुकीचं वाजवलं तर तेच शेवटचं ठरणार, एवढं मात्र त्यांना कळत होतं.

रविवारी सकाळी ते नदीच्या बांधावर गाडीत काचा बंद करून वाजवून पाहत राहिले. कधी त्सुकादांचं वादळ, कधी पिचरांची धून. वादळात दम लागत होता. पिचरांच्या धुनेत लाज वाटत होती.

स्टेडियममध्ये पिचरच्या उंचवट्यावर कुणी उभं नव्हतं; तिथे नुसता पांढरा चेंडू ठेवला होता. शिगेमात्सुच्या बायकोला, फुमिएला, गटाच्या बाकांपाशी आणून बसवलं होतं, कारण पाहुण्यांच्या खोलीत महापौरांची माणसं जास्त झाली होती. इनागाकींनी वाकून नमस्कार केला आणि घोळ सरळ तिच्यासमोर मांडला. काय वाजवू? त्यांची अशी धून नाही.

फुमिए गोंधळली. "नाही कशी? आंघोळीच्या टबात रोज तीच तर म्हणायचे." आणि तिनं हलकेच गुणगुणून दाखवली.

पिचरांची धून. सगळ्या पिचरांची. छत्री.

"पण अर्ध्यावर थांबायचे," ती म्हणाली. "मला विचारायचे, पुढे काय असतं गं? मला काय माहीत? मी मेली धास्तीनं सामन्याला कधी आलेच नाही. तुम्हाला येते का पुढची?"

इनागाकींना येत होती. धुनेचा पूर्वार्ध बॅट घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी. तोच पुन्हा पुन्हा वाजवायचा. उत्तरार्ध फक्त तो धावत पहिल्या तळावर, म्हणजे फर्स्ट बेसवर, पोचला तरच. शिगेमात्सु कधी पोचलाच नाही. त्या एका फटक्याच्या वेळी इनागाकींनी उत्तरार्धाचे दोन सूर काढले होते, पण हा चेंडू बघत उभाच, म्हणून ते मागे घ्यावे लागले होते.

महापौरांचं भाषण संपलं. त्यांनी शिगेमात्सुला दोनदा डावखुरा म्हटलं आणि लोकांनी ते निरोपसभेचा मान राखून ऐकून घेतलं. मग कर्ण्यावरून घोषणा झाली. त्सुकादांनी शिट्टी फुंकली. कुठली धून ते त्यांनाही माहीत नव्हतं.

इनागाकींनी पिचरांची उचलली.

ओगुराबाईंच्या ढोलानं तिसऱ्या ठोक्याला त्यांना गाठलं. आधी कुणीतरी हसलं, मग बरीच माणसं हसली, मग हसताहसता उजव्या बाकांनी सूर धरला आणि सगळं स्टेडियम त्या अभागी बॅटसाठी ओरडायला लागलं. पूर्वार्ध संपला. सवयीप्रमाणे ढोल थांबला. लोक थांबले. काहींनी टोप्या काढल्या, कारण याच जागी तो काढायचा.

इनागाकी थांबले नाहीत.

पुढची धून फारशी कुणाच्या ओळखीची नव्हती; पिचर तळावर पोचायचे ते क्वचितच. शिगेमात्सुच्या नावाशी ती कुणी कधी ऐकलीच नव्हती. टाळी द्यावी की उभं राहावं ते लोकांना कळेना. काही अर्धे उठले आणि तसेच राहिले. त्सुकादांची शिट्टी तोंडाशी आली आणि तिथेच अडली. ट्रंपेट एकटंच पुढे गेलं, एका सुरावर किंचित फाटलं, सावरलं आणि शेवटाला पोचलं. फुमिएचे ओठ हलत होते, पाठांतर करताना हलतात तसे.

टाळ्या आल्या, पण उशिरा आणि सगळीकडून वेगवेगळ्या वेळी.

मग उंचवट्यावरचा चेंडू उचलून नेला, सामना सुरू झाला आणि घरच्या संघाचा कुणी नवा, लांब मानेचा पिचर टाकायला आला. रिवाजाप्रमाणे लाल कोट खाली बसले. डब्यांची झाकणं उघडू लागली. ओगुराबाईंनी लोणचं भरलेला भाताचा गोळा इनागाकींपुढे धरला.

त्यांनी तो घेतला नाही. ट्रंपेट मांडीवर आडवं ठेवून त्यांनी त्याच्या तोंडावर तळहात ठेवला होता.

"खा ना," ओगुराबाई म्हणाल्या. "आत्ता काय काम आहे?"

"टाकतोय ना तो," इनागाकी म्हणाले.

ओगुराबाईंनी त्या लांब मानेच्या पोराकडे पाहिलं, मग इनागाकींकडे. त्यांना नीटसं काही कळलं नाही. पण त्यांनी गोळा डब्यात परत ठेवला आणि आवाज होणार नाही अशा बेतानं झाकण लावलं.