निरीक्षक कुठे उभा होता

तिनं तळघराचं दार डोक्यावर ओढून घेतलं, कडी सरकवली आणि चाचपडत मेणबत्ती पेटवली. वर वादळाचा भोंगा ठणाणा करत होता.

"घसा बसलाय त्याचा," बाबा पायरीवर टेकत म्हणाले. "माझ्या हातात होता तेव्हा पार गिरणीच्या गावापर्यंत ऐकू जायचा."

"आता तो विजेवर चालतो, बाबा. वीज कशाला जीव ओतेल?"

बाबा खूश झाले. तीस वर्षं त्यांनी पाण्याच्या टाकीखालचा भोंगा हातानं फिरवला होता आणि आसपासच्या बावीस गावांच्या टोर्नॅडोंची वही लिहिली होती. लोक त्यांना भोंगेमास्तर म्हणायचे. लेक आता हवामान कार्यालयात त्याच वह्यांवरून यादी करत होती. ज्या गावाच्या नावावर एक तरी टोर्नॅडो आहे, त्यालाच दोनशे माणसं मावतील असा पक्का निवारा मिळणार होता. यादी उद्या सकाळी जायची होती.

इथं दोनच माणसं मावत. गुडघ्याला गुडघा लागत होता.

"वही वाच," बाबा म्हणाले. "तेवढाच वेळ जाईल."

*गिरणीचं गाव. दुपारी ३.१०. रुंदी दोनशे पावलं. निरीक्षक कुठे उभा होता: गिरणीच्या गच्चीवर.*

"कसला गच्चीवर! पलंगाखाली होता. त्याच्या बायकोनंच सांगितलं मला."

"मग लिहून कसं घेतलंत?"

"सही त्याची होती. ज्यानं पाहिलं त्यानं लिहायचं, हा नियम. खोटं बोलला असेल तर त्याचं तो बघेल."

*स्टेशनचं गाव. सायंकाळी ५.४५. मालगाडीचा डबा उलटा. निरीक्षक कुठे उभा होता: फलाटावर.*

"आडवा. उलटा नव्हे. खोड तिथं."

तिनं खोडलं.

*आपलं गाव. टोर्नॅडो: निरंक.*

वर काहीतरी धाडकन आपटलं आणि गडगडत लांब गेलं. मेणबत्तीची ज्योत वाकली, सरळ झाली.

"बावीसांत एकटं कोरं," बाबा म्हणाले. "नशीब काढलंय गावानं."

तिनं पिशवीतून एक फोटो काढून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. फोटोत गावाचा मोठा रस्ता होता, पडलेले विजेचे खांब होते, आणि मागं शिवणवर्गाची छप्पर उडालेली इमारत. त्या इमारतीत चौघीजणी दगावल्या. एक तिची आई. सत्तावीस वर्षांपूर्वी. वहीत त्या दिवसापुढे बाबांच्या वळणदार अक्षरात दोनच शब्द होते: *सरळ वारा.*

"कुठं मिळाला?"

"आत्याच्या ट्रंकेत."

बाबा बघत राहिले. तिनं काडेपेटी उघडली आणि त्यांच्यामधल्या फळीवर काड्या मांडल्या, सगळ्या शेजारी शेजारी, डोकी एकीकडे. ती सहा वर्षांची असताना त्यांनीच तिला असं शिकवलं होतं. सरळ वाऱ्यात सगळं एका दिशेला झोपतं. टोर्नॅडोत जो तो आपल्या दिशेला.

"खांब बघा, बाबा."

त्यांनी खांब पाहिले नाहीत. बोट पुढं केलं, एक काडी उलटी फिरवली. मग दुसरी तिरपी. मग तिसरी, पहिलीवर आडवी. शेवटी फळीवर नुसता पसारा उरला.

"टोर्नॅडो लिहिला असता तर विचारलं असतं, भोंगा का नाही वाजला," ते म्हणाले. "सरळ वाऱ्याला भोंगा लागत नाही. आणि मी कुठं पाहिला होता? न पाहिलेलं लिहायचं नाही, हा नियम."

"सोयीचा नियम."

"हो."

"कुठं होतात?"

वर भोंगा अजून चालूच होता. बाबांनी हाताच्या पंजानं पायरी चाचपली, जणू तिची रुंदी मोजत होते.

"तुला ताप होता. तुला इथं ठेवून टाकीकडं पळणार होतो. तू सदरा धरलास. सोडेचना. म्हटलं, एक मिनिट बसू, शांत झाली की जाऊ. मग दारावर झाड पडलं. चार तास आपण इथंच. तू झोपलीस."

तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मूठ केव्हा वळली होती, तिला कळलं नव्हतं.

"मी काहीच लिहिलं नाही तर?" तिनं विचारलं.

"तर तुझा बाप भोंगेमास्तर. आणि गावाला निवारा नाही." त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. "लिही. सही मी करतो."

*आपलं गाव. दुपारी ४.२०. मृत: चार. भोंगा: वाजला नाही. निरीक्षक कुठे उभा होता:*

पेन तिथंच अडलं.

"उभा नव्हतो," बाबा म्हणाले. "बसलो होतो. तळघरात. तसंच लिही."

तिनं तसंच लिहिलं. सदऱ्याचं लिहायला वहीत रकाना नव्हता. बाबांनी मेणबत्तीजवळ वाकून सही केली, तीच वळणदार, आणि शाई वाळेपर्यंत वहीवर फुंकर घालत राहिले.

भोंगा थांबला. वर दारं उघडत होती, माणसं एकमेकांना हाका मारत होती. कुणीतरी रस्त्यावरून ओरडलं, "भोंगेमास्तर, आहात ना ठीक?"

ती कडीकडे वळली. मागून तिच्या कुर्त्याला ओढ बसली. बाबांनी बाही धरली होती.

"एक मिनिट बसतेस?"

ती बसली.